निळ्या कोपऱ्यातला भाऊ

बेलेम, ९ मार्च २००५

वाल्देसी,

हे पत्र तुझ्याआधी दुसऱ्या कुणी फोडलं असेल तर त्या गृहस्थांना आधी नमस्कार. वाचा, पोटभर वाचा. मिशा असतील तर पीळ देऊन वाचा. मी ओझेयास, जुरूनास वस्तीतला. लढतीच्या पिंजऱ्यात उतरलो की लोक मला तामुआता म्हणतात. तो आमच्या नदीतला मासा आहे, अंगावर चिलखत असतं, पाण्याबाहेर काढला तरी चिखलातून सरपटत जातो पण मरत नाही. तुमच्या त्या गारठलेल्या कुरितिबात असलं काही मिळत नाही.

आता तुझ्याशी बोलतो. फोन करत नाही, कारण तुझा फोन त्या लोकांच्या कचेरीत आहे आणि तू ‘हॅलो’ म्हणायच्या आत चार कान टवकारले जात असतील. पत्राचं तरी काय सांगावं? पण पत्रात मी ठरवीन ते आणि तेवढंच येतं. फोनवर तू माझा श्वास ऐकूनसुद्धा ओळखशील मी कितपत दमलोय ते.

आयोजकांचा माणूस येऊन गेला. जूनमध्ये लढत, इथेच, बेलेमला. समोर विल्मार कोसोस्की. तुझ्या नव्या आखाड्याचा लाडका. हे तुला माझ्याआधीच कळलं असणार, उगाच भुवया उंचावू नकोस. जिंकेल त्याला जपानला मोठ्या लढतींसाठी बोलावणार आहेत. मी तेहतीस वर्षांचा झालो. जपानवाले म्हाताऱ्यांना दोनदा बोलावत नाहीत, हेही तुला माहीत आहे.

मला एवढंच विचारायचं आहे: ही जोडी कुणी सुचवली? सगळ्या ब्राझीलमध्ये माझ्या वजनाचे इतके लढवय्ये पडलेत, आणि नेमका तुझ्याच मॅटवरचा निघाला? ब्रागान्साच्या जत्रेत मी पहिल्यांदा लढलो तेव्हापासून माझ्या प्रत्येक लढतीत कोपऱ्यात तू उभा होतास. मी केव्हा डोळे मिटतो, कुठला ठोसा खाल्ला की हसतो, सगळं तुला पाठ. आणि मनाउसहून परत येताना बोटीवर, झोपाळ्यात झोपवून, तू माझा जो सांधा जागेवर बसवलास त्याचं नावही मी इथे लिहिणार नाही. ते तुला आणि मला सोडून तिसऱ्याला माहीत नाही. वस्ताद बाझिलियोंनाही नाही. मिशीवाले, पुढच्या ओळीवर जा.

तुला स्वतः लढायचं होतं, वस्ताद नको म्हणाले. ‘तू भावाच्या कोपऱ्यातच शोभतोस’ म्हणाले. तुला ते झोंबलं. मी तिथे होतो, मला दिसलं. पण म्हणून ज्याने कमरेला पट्टा बांधला त्याच्या दाराला पाठ दाखवायची? आपल्याकडे अशा माणसाला क्रेओंते म्हणतात, आणि हा शब्द आपण दोघांनी मिळून कितीजणांच्या मागे फेकलाय ते आठव. तुझा भिंतीवरचा फोटो उतरवायला वस्तादांनी मलाच सांगितलं. उतरवला. खिळा तसाच आहे, त्याच्यावर आता कुणी तरी ओला टॉवेल टांगतं.

आणि कुरितिबावाल्यांनी तरी तुला लढायला कुठे दिलंय? जमिनीवरचे डाव शिकवायला ठेवलंय म्हणे. म्हणजे माझेच डाव.

आई म्हणाली, “लिही त्याला, पण शिव्या देऊ नकोस.” मी अजून एकही दिलेली नाही. गाढवा.

ओझेयास

बेलेम, २ मे २००५

वाल्देसी,

उत्तर नाही. चांगलं आहे. चोराच्या मनात चांदणं असतं, ते कागदावर कसं उतरवणार?

इथे मी गाफील नाही, हे तुझ्या माणसांना सांग. आखाड्याच्या खिडक्यांना आतून पोती लावलीत. दुपारी भट्टीसारखं तापतं, पण बाहेरून काही दिसत नाही. समोरच्या फुटपाथवर महिन्याभरापासून एक छत्र्या दुरुस्त करणारा येऊन बसतो. बेलेममध्ये छत्र्या मोडतात हे मान्य, पण तो माणूस काम करताना सारखा आमच्या दाराकडे बघतो. मी एकदा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

“काय पाहतोस?”

“काही नाही, साहेब. छत्री आहे का?”

“माझी छत्री मोडत नाही.”

“मग नशीबवान आहात,” म्हणाला आणि परत दाराकडे बघायला लागला. इतका निर्लज्ज हेर मी पाहिला नाही. तुमच्या लोकांनी निदान बरा तरी माणूस ठेवायचा.

वस्ताद म्हणतात, “ओझेयास, तुझी लढत कोसोस्कीशी आहे, छत्रीवाल्याशी नाही.” पण त्यांचं वय झालं. त्यांना वाटतं जग अजून मॅटवर वाकून नमस्कार करूनच लढतं.

आई रोज आसाईच्या जांभळ्या गराबरोबर तळलेला मासा आणि मूठभर कसाव्याचा फारिन्या देते, आणि रोज एकदा तुझं नाव काढते. तिने नाझारेच्या मातेला नवस बोललाय, दोन्ही मुलं जिंकू देत म्हणून. मी म्हटलं, “आई, समोरासमोर उभी असलेली दोन माणसं एकदम कशी जिंकतील?” तर म्हणाली, “ते मातेने बघायचं, तू तुझा मासा खा.”

आता एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी. मिशीवाल्यांनी इथे वाचणं थांबवावं. माझा उजवा गुडघा गेलाय. गेल्या आठवड्यात वळताना आत काही तरी सटकलं. चालताना कळत नाही, पण एखादी सणसणीत लाथ बसली तर मी खाली जाईन. डॉक्टर म्हणाला लढू नका. मी लढणार आहे. कुणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. तुला का सांगतोय कुणास ठाऊक. भाऊ आहेस म्हणून असेल.

ओझेयास

बेलेम, १७ जून २००५

वाल्देसी,

हे पत्र आईच्या हातून तुमच्या हॉटेलवर येईल. वजनाच्या वेळी सगळ्यांसमोर जे बोलता आलं नाही ते लिहितो.

निळं जाकीट तुला शोभत नाही. पाठीवर त्यांचं नाव, आणि वरून तोच आपल्या बापाचा बाहेर आलेला कान. मी काट्यावर उभा राहिलो, अंगात पाण्याचा थेंब नव्हता, ओठ फुटले होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा मी फक्त तुझ्याकडे बघत होतो. तू कुठे बघत होतास? माझ्या उजव्या गुडघ्याकडे. चेहऱ्याकडे नाही, वजनाच्या आकड्याकडे नाही. गुडघ्याकडे. मी पाहिलं.

मग आई मध्ये घुसली. हाच माणूस आपल्या मुलाच्या विरुद्ध उभा राहणार आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

“किती वाळलास रे!” तुझे गाल कुरवाळत म्हणाली. “तिथे काय खायला घालतात?”

“मिळतं गं आई. बटाटे मिळतात.”

“बटाटे! नुसते बटाटे खाऊन माणूस जगतो होय?”

तुझे ते सगळे गोरेगोमटे, पोलिश आजोबांचे कुरितिबावाले हसायला लागले, कोसोस्कीसकट. तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, “दादा, पाणी हळूहळू पी. एकदम पिऊ नकोस.”

“तुझ्या माणसाला सांग,” मी म्हटलं.

“त्याला सांगायला दुसरे आहेत.”

“मग तू कशाला आलास?”

तेवढ्यात तुमच्या त्या टकल्या वस्तादाने तुला हाक मारली, आणि तू कुत्र्यासारखा गेलास. जाता जाता आईच्या हातात काही तरी कोंबलंस, कागदात गुंडाळलेलं. कानात काही तरी सांगितलंस. मी विचारलं तर आई म्हणे, “नंतर.” मी तिला सांगून टाकलंय, त्याच्याकडची वस्तू माझ्यापर्यंत आणलीस तर नदीत फेकीन. लढतीच्या आदल्या दिवशी समोरच्या कोपऱ्यातून आलेलं तेल, पाणी, खाऊ, काहीही अंगाला किंवा तोंडाला लावायला मी दूधखुळा नाही.

उद्या तू निळ्या कोपऱ्यात उभा राहणार. म्हणे तुमच्या वस्तादाने सक्ती केली, ‘आखाड्यात राहायचं तर कोपऱ्यात उभं राहावं लागेल.’ आईने सांगितलं मला. असेलही. सक्ती केली म्हणून कुणी भावाला विकत नाही.

उद्या कळेल. मी काय म्हणतोय ते तुला समजतंय ना? उद्या पिंजऱ्यात मला कळणार आहे, तू कोण आहेस ते.

ओझेयास

बेलेम, २० जून २००५

क्रेओंते,

आता नाव लिहायचीही इच्छा नाही.

ऐक, तुला एक मजा सांगतो. माझा उजवा गुडघा ठणठणीत आहे. होता, आहे आणि राहील. कधी सटकला नाही, कुठला डॉक्टर काही म्हणाला नाही. ते मी फक्त तुझ्यासाठी लिहिलं होतं. जगात ते खोटं एकाच माणसाला माहीत होतं. समजलं? कोसोस्की त्या गुडघ्यावर तुटून पडला तर ते त्याला कुणी सांगितलं, याचा शोध घ्यायला पोलीस लागणार नव्हते.

आणि तो तुटून पडला! पहिली घंटा झाली, अजून कुणी कुणाला हातही लावला नव्हता, आणि त्याची लाथ थेट माझ्या उजव्या पायावर. मग परत. मग परत. पहिल्या फेरीच्या शेवटी मांडी काळीनिळी झाली होती आणि वस्ताद विचारत होते, “दुखतंय का?” दुखत होतं, पण पाय नव्हे. मी तुझ्याकडे पाहिलं. तू जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा होतास, पांढराफटक. मला वाटलं लाज वाटत असेल.

दुसरी फेरी मी कशी काढली मला आठवत नाही. रागाने काढली. लोक ‘तामुआता, तामुआता’ ओरडत होते, आपल्या जुरूनासची सगळी पोरंटोरं आली होती.

तिसऱ्या फेरीत तो दमला. दमून माझ्या पायांत घुसला, पट काढायला, आणि त्याचं डोकं माझ्या डाव्या काखेखाली आलं. तेव्हा तू ओरडलास. एवढ्या गर्दीत मला दुसरा कुणाचाही आवाज आला नसता. तू निळं जाकीट घालून, त्यांच्या कोपऱ्यातून, सगळ्या जगासमोर ओरडलास:

“मान! मान घे दादा! बस खाली, मान घे!”

वा रे भाऊ! किती चतुर. मान आवळायची म्हणजे पाठीवर पडायचं, आणि सगळा भार यायचा डाव्या खांद्यावर. हो, डावा खांदा, आता लिहितो, आता काय लपवायचं! बोटीवर तूच बसवलेला. मी पडलो असतो, खांदा निखळला असता, आणि तुमचं काम फत्ते. गुडघ्याने झालं नाही म्हणून खांदा. मला एका क्षणात सगळं उमगलं. मी मान सोडली, त्याला ढकललं, उठून उभा राहिलो.

पुढचं मला वस्तादांनी सांगितलं. उठताना हात खाली होते म्हणे. त्याचा उजवा ठोसा आला आणि मी गेलो.

डोळे उघडले तर माझा पाय तुझ्या मांडीवर. तुमचा माणूस जिंकलाय, खांद्यावर घेऊन नाचतायत त्याला, आणि तू माझ्यापाशी बसून माझा गुडघा चाचपतोयस! दोन्ही हातांनी, हळूहळू, बोटीवर खांदा चाचपलास तसा. “कुठे दुखतंय दादा? इथे? इथे?” इतकं ढोंग मी कुणात पाहिलं नाही. मी तुला ढकललं ते बरं केलं. थुंकलो तेही बरं केलं.

जपान तुमच्याकडे गेलं. सुखाने खा.

मला भाऊ नाही.

बेलेम, १४ जुलै २००५

वाल्देसी,

हे पत्र तुझ्या नव्या पत्त्यावर पाठवतोय. आईकडून पत्ता घेतला. तिने आधी दिला नाही. म्हणाली, “परत शिव्या लिहिणार असशील तर मी मेल्यावर घे.”

काय लिहावं, सुचत नाही. घडलं तसं सांगतो.

तीन आठवडे मी कुणाशी बोललो नाही. मग वस्तादांनी लढतीची कॅसेट आणली आणि मला जबरदस्तीने समोर बसवलं. पहिली लाथ दिसली. मी म्हटलं, “बघा! आल्याआल्या गुडघ्यावर. त्याला कुणी सांगितलं?” मग मी त्यांना सगळं सांगितलं. खोटा गुडघा, पत्र, सापळा. ऐकून ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी मॅटवर बूट घालून आलोय.

“तू उभा कसा आहेस ते बघ,” ते म्हणाले.

“कसा?”

“कुठला पाय पुढे आहे?”

उजवा. मी उजवा पाय पुढे ठेवून उभा होतो. चौदा वर्षं डावा पाय पुढे ठेवून लढलो, आणि या वेळी तुझ्या भीतीने बाजू बदलली, डावा खांदा मागे लपावा म्हणून. पोती लावून, खिडक्या बंद करून तीन महिने मी तेवढंच घोकत होतो.

“कुरितिबावाले लाथा कुठे मारतात?” वस्तादांनी विचारलं.

मी पडद्यावरचा माझा पाय बघत होतो.

“अरे शहाण्या, ते पुढच्या पायावर मारतात. त्यांची पोरं बोलायच्या आधी तेवढं शिकतात. डावा पुढे असता तर डावा मारला असता. बोका उभा असता तर बोक्याचा पुढचा पाय मारला असता. सापळाही तूच लावलास आणि पायही तूच दिलास.”

मग त्यांनी खांद्याचं विचारलं. तेही मला सांगावं लागलं. त्यांनी कॅसेट पुन्हा सुरुवातीपासून लावली आणि आम्ही दोघांनी पाहिलं. वाल्देसी, तीन फेऱ्यांत कोसोस्कीने माझ्या डाव्या खांद्याला बोट लावलेलं नाही. हात पिरगाळायची संधी त्याला दोनदा आली, त्याने बघितलंही नाही. त्याला माहीतच नव्हतं. जी गोष्ट खरी होती आणि फक्त तुला ठाऊक होती ती तू कुणालाही सांगितली नाहीस.

तिसरी फेरी आली. मान माझ्या काखेत. वस्तादांनी चित्र थांबवलं. ती मान शाळेतल्या मुलानेही घेतली असती. खांद्यावर भार आलाच नसता, मी आधीच जाळीला टेकलो होतो, जाळीवरूनच घसरून खाली बसता आलं असतं. तू तेच ओरडलास, ‘बस खाली’. पड नव्हे, बस. मला ते त्या दिवशी ऐकू आलं होतं, पण मी दुसरंच ऐकायचं ठरवलेलं होतं.

घरी आलो आणि आईला म्हटलं, त्याने दिलेलं ते कुठे आहे? तिने नदीत टाकलं नव्हतं. पेटीत, मातेच्या फोटोमागे ठेवलं होतं. कागद सोडला. आंदिरोबाच्या तेलाची बाटली आणि लोकरीची गुडघ्याची पट्टी.

“काय म्हणाला होता तो?” मी विचारलं.

“म्हणाला, दादाला लढतीच्या आधी दाखवू नको, चिडेल. रात्री झोपेत चोळ त्याच्या गुडघ्याला. आणि म्हणाला, जमलं तर त्याला सांग, लवकर संपव, लांबवू नको, पाय कायमचा जाईल.”

“आणि तू मला का नाही सांगितलंस?”

“तू ऐकत होतास का?” आई म्हणाली.

म्हणजे तू त्या पत्रावर विश्वास ठेवलास. प्रत्येक लाथ बसताना तू मोजत होतास की आता गुडघा फुटेल, म्हणून तू पांढरा पडला होतास. म्हणून ओरडलास. आपली नोकरी, आपलं नाव, समोर बसलेला तो टकल्या, कशाचाही विचार न करता. मला रडू आलं. आईसमोर आलं, आणि तिने मला थांबवलं नाही.

त्यांनी तुला दुसऱ्याच दिवशी हाकलल्याचं आईला केव्हाच कळलं होतं. ‘शत्रूच्या कोपऱ्यासाठी ओरडणारा’ म्हणून तुला तिथेही क्रेओंते म्हटलं म्हणे. आणि आता तू एका बेकरीत पिठाची पोती उचलतोस. हे सगळं तिला माहीत होतं आणि मी घरात तुझं नाव काढू देत नव्हतो.

छत्रीवाल्याचंही सांगून टाकतो. तो आखाड्यात धुणंभांडी करणाऱ्या जोसेनिर्दावर लाइन मारत होता. पुढच्या महिन्यात लग्न आहे. मला आमंत्रण आहे.

मी चुकलो, वाल्देसी. याहून लांब वाक्य मला येत नाही.

ओझेयास

बेलेम, ७ ऑगस्ट २००५

मुकुईं,

कितीतरी दिवसांनी या नावाने हाक मारतोय. लहानपणी तू त्या गवतातल्या गोचिडीसारखा माझ्या पायाला चिकटून असायचास, म्हणून मीच ठेवलं होतं. चिडू नकोस.

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस. मी सांगतो ते आधी वाच.

शुक्रवारी आखाड्यात सगळे रांगेत उभे असताना मी पुढे गेलो आणि म्हटलं, “वस्ताद, वाल्देसीला परत घ्या.”

वस्ताद माझ्यावर चिडले नाहीत. ते वाईट झालं. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. “ओझेयास,” ते म्हणाले, “पोरगा सच्चा आहे, मी कॅसेट पाहिली. पण ज्याचा फोटो उतरला तो परत चढत नाही. आज त्याला घेतलं तर उद्या सगळे जातील आणि सगळे परत येतील. मग हा आखाडा कसला, ही बसची थांबायची जागा.”

“त्याला लढायचं होतं. तुम्ही नको म्हणालात.”

“मी नको म्हणालो. आणि तू काय म्हणालास?”

मी काहीच म्हणालो नव्हतो. तेच त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. बरोबर विचारलं. तू कोपऱ्यातून गेलास तर माझं कसं होईल, एवढाच विचार तेव्हा मी करत होतो.

मग मी कमरेचा काळा पट्टा सोडला, घडी केली आणि मॅटवर ठेवला. वस्ताद बाझिलियोंनी माझ्यावर हात ठेवला तेव्हा मी दाढी न आलेला पोरगा होतो, त्यांनी मला खायला घातलंय, झोडपलंय, बापाच्या मयताला खांदा दिलाय. मी पाया पडायला गेलो तर त्यांनी पाय मागे घेतले. रीत आहे. मीही असंच केलं असतं. दारातून बाहेर पडताना मागे रांगेतलं कुणी तरी तो शब्द पुटपुटलं. ऐकायला कसा लागतो ते आता कळलं. तुला दोनदा ऐकावा लागला.

तेव्हा आता मीही क्रेओंते. आई म्हणाली, “बरं झालं, घरात एकच क्रेओंते असला की भांडणं होतात.”

नदीकाठी जाळी विणणाऱ्यांच्या शेडमधली अर्धी जागा मिळाली आहे. खाली लाकडाचा भुसा पसरून वर ट्रकची ताडपत्री ताणली. मासळीचा वास येतो, त्याला इलाज नाही. शेजारपाजारची दहाबारा पोरं येतात, आणि खिडक्यांना पोती नाहीत, कारण खिडक्याच नाहीत. येणारा जाणारा उभा राहून सगळं बघतो. बघू दे.

जपानचं माझं संपलं. मी फार हळहळलो, खोटं कशाला बोलू. पण नोव्हेंबरात सांतारेंला लहान सामने आहेत, तुझ्या वजनाची एक जागा रिकामी आहे. मी तुझं नाव देऊन आलोय. न विचारता दिलं, भांडायचं असेल तर येऊन भांड. या वेळी तू आत जायचंस. कोपऱ्यात मी असेन. मला तुझ्याइतकं नीट ओरडता येणार नाही, पण शिकेन. आणि मी ओरडलो, तर ऐक.

बसचं तिकीट पाठवलं नाही. पाठवलं असतं तर तुला वाटलं असतं, विकत घेतोय. तू आपल्या पायांनी ये.

मला आतून सारखं वाटतंय की तू हे पत्र अर्धवट वाचून फेकशील. म्हणशील, थुंकला होता माझ्यावर, मरू दे. तू काही येत नाहीस. मला दाट संशय आहे. पण तुझ्या बाबतीत माझा आजवर एकही संशय खरा ठरलेला नाही, मुकुईं.

दादा